छातीत गाठ लागली आणि रिपोर्ट यायचा होता, ते दिवस कसे काढलेत? (अनुभव धागा)

कॅन्सर झालेल्या बायकांच्या उपचारांबद्दल, हिमतीबद्दल बरंच वाचायला मिळतं. त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल मात्र कुणी फारसं लिहीत नाही. आंघोळ करताना हाताला काहीतरी लागतं आणि तिथून रिपोर्ट हातात येईपर्यंत डब्बे, ऑफिस, मुलांच्या परीक्षा, पाहुणे सगळं चालूच असतं. डोक्यात मात्र एकच विषय. माझ्या धाकट्या बहिणीचे ते दिवस मी नुकतेच अगदी जवळून पाहिले. तिची गाठ साधी निघाली. पण ती रात्री जागत होती तेव्हा तिला काय सांगावं हे मला कळत नव्हतं, म्हणून हा धागा काढते आहे.

ज्यांची गाठ साधी निघाली त्यांनी लिहा, ज्यांची नाही निघाली त्यांनीही लिहा. घरच्यांनी लिहा. नाव नको, गाव आणि वय पुरे. काढे, आहार आणि रामबाण उपाय कृपा करून इथे नकोत. आणि दुसऱ्या कुणाचा अनुभव वाचून 'माझंही तसंच असणार' असं ठरवून कुणी घरी बसू नका. दाखवायचं ते दाखवायचंच.

नाशिक, ३४

माझी गाठ हाताखाली सटकायची. गायनॅक मॅडमनी तपासलं आणि सोनोग्राफी लिहून दिली. रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला, त्यात 'फायब्रोअडेनोमा' (म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ, हे नंतर कळलं) आणि खाली 'बायरॅड्स ३' असं होतं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी भेटणार होत्या. ती रात्र मी फोनवर वाचत काढली. तीन म्हणजे तिसरी स्टेज, असंच मी धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी कागदावर लिहून समजावलं. बायरॅड्सचा आकडा म्हणजे स्टेज नव्हे. १ म्हणजे काही नाही, २ म्हणजे साधंच, ३ म्हणजे बहुधा साधं, कॅन्सर असण्याची शक्यता दोन टक्क्यांपेक्षा जास्त नाही, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं. ४ आणि ५ असेल तर तुकडा काढून तपासायचा. आणि ० आला तर घाबरायचं नाही, आणखी फोटो हवेत एवढाच त्याचा अर्थ. रिपोर्टसोबत हे चार ओळींत छापून दिलं तर किती बायकांची झोप वाचेल!

ते सहा महिने मात्र जड गेले. मी सारखी ती गाठ दाबून बघायचे, त्यामुळे ती दुखायची, आणि दुखली की वाटायचं वाढली. मॅडमनी सांगितलं, पाळी संपल्यावर महिन्यातून एकदाच बघ, अधेमधे हात लावू नकोस. ते पाळलं आणि खरंच फरक पडला. सासूबाईंना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं, पण शेवटी मीच सांगून टाकलं. तेव्हा कळलं की त्यांचीही अशीच गाठ लग्नानंतर दोन वर्षांनी काढली होती आणि त्यांनी ते सासऱ्यांखेरीज कुणालाच कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या तपासण्यांना त्याच सोबत येतात.

कऱ्हाडजवळचं गाव, ४६

माझी साधी निघाली नाही. म्हणून लिहू का नको असं झालं होतं, पण ताईंनी लिहिलंय ज्यांची नाही निघाली त्यांनीपण लिहा.

गाठ दुखत नव्हती. त्यामुळं शेजारच्या म्हणायच्या, दुखत नाही तर कशाला दवाखाना. डॉक्टरांनी सुईनं तुकडा काढायचा सांगितला तेव्हा तर घरात सगळेच म्हणाले, सुई लावू नको, पसरतंय. माझ्या मालकांच्या मावशीचं तसंच झालं म्हणे. मी डॉक्टरांना सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, सुईनं कॅन्सर होत नाही आणि पसरतही नाही. मावशी उशिरा आल्या असतील, तोवर आजार वाढलेला असेल, आणि सुई त्याच वेळी लागली म्हणून दोष सुईवर आला. हे मी घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं.

वाट बघणं एकदाच होत नाही, हे कुणी सांगत नाही. आधी बायोप्सीचा रिपोर्ट. तो आल्यावर त्याच तुकड्याची आणखी तपासणी होते, ईआर, पीआर आणि हर-टू, कुठलं औषध लागू पडंल ते त्यावरून ठरतं. ते यायला परत दिवस लागले. त्या काळात मी शेतात जात राहिले. भांगलणीला बायका असायच्या, बोलणं व्हायचं, हात चालू राहायचे. घरी एकटी बसले असते तर वेड लागलं असतं. मुलीची बारावी होती, तिला कळू द्यायचं नाही असं मालक म्हणत होते. मी सांगितलं. तिला घरातलं वातावरण दिसत होतंच, त्यापेक्षा खरं कळलेलं बरं.

पैशाचं टेन्शन आजारापेक्षा मोठं होतं. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतंय का हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारून ठेवा. रिपोर्ट येईपर्यंत रेशनकार्ड आणि आधार काढून एका पिशवीत ठेवलं होतं, तेवढंच हातात होतं. ऑपरेशन होऊन आता तीन वर्षं होतील. तपासणीची तारीख जवळ आली की अजून पोटात गोळा येतो.

छत्रपती संभाजीनगर, सर्जन

भगिनींनो, तपासणीच्या खोलीत येणारं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: 'डॉक्टर, काही नाही ना?' आणि आम्ही घाईत 'बघू' म्हणतो. ते 'बघू' घरी जाऊन किती मोठं होतं ते हा धागा वाचून कळतंय.

थोडी माहिती देतो, कारण निम्मी भीती अर्धवट माहितीतून येते. छातीत लागणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना जड होऊन दुखणं हे सहसा हार्मोन्समुळे असतं. पण न दुखणारी, टणक, जागेवरून न हलणारी गाठ, काखेतली गाठ, नव्याने आत ओढलं गेलेलं स्तनाग्र, एकाच बाजूने आपोआप येणारा रक्तासारखा स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, यातलं काही दिसलं तर आठवड्याभरात दाखवा. 'आमच्या घरात कुणाला नाही' हे कारण सांगून थांबू नका, कारण बहुसंख्य रुग्णांच्या घरात आधी कुणालाच नसतो.

तपासणी तीन पायऱ्यांची असते: हाताने तपासणं, फोटो, आणि गरज पडली तर सुईने तुकडा. तरुण मुलींमध्ये आधी सोनोग्राफी करतात, चाळिशीनंतर मॅमोग्राफीही, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. हाताच्या तपासणीला कमी लेखू नका. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८ पासून दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने तपासत. २०२१ मध्ये निकाल छापून आला, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्यात मॅमोग्राफीचं यंत्र कुठेच नव्हतं.

निघताना डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: रिपोर्ट कधी येणार, तो कोण सांगणार, आणि फोनवर कळेल की यावं लागेल. तारीख माहीत असली की माणूस त्या तारखेपर्यंत तग धरतो. आमच्याकडे आता हे कागदावर लिहून देतात.

पुणे, २९

माझी आई ब्रेस्ट कॅन्सरने गेली. तेव्हा मी नववीत होते.

त्यामुळे माझ्यासाठी ही काळजी काही दिवसांची नाही, ती दर महिन्याला येते. पाळीच्या आधी दुखायला लागलं की मी सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घ्यायचे. नॉर्मल आली की आठवडाभर हलकं वाटायचं, मग मनात यायचं, त्यांच्या नजरेतून सुटलं असेल तर? दुसऱ्या सेंटरला जायचे. ऑफिसच्या वॉशरूममध्ये दिवसातून कितीतरी वेळा तपासून बघायचे. नवऱ्याला वाटायचं, मी उगाच करते. उगाच नव्हतं. आईला मी पाहिलं होतं.

शेवटी ज्या डॉक्टरांकडे जात होते त्यांनीच म्हटलं की तुझ्या छातीची तपासणी मी करतेय, पण भीतीची कुणीच करत नाहीये. त्यांनी दोन ठिकाणी पाठवलं. एक जनुकीय समुपदेशन. आईला कमी वयात झाला होता, त्यामुळे बीआरसीए, म्हणजे घराण्यातून येणारा धोका दाखवणाऱ्या जनुकांच्या तपासणीचा विचार करायला हवा होता. तिथे आजी, मावश्या, आत्या सगळ्यांचा तक्ता काढला. भीतीला पहिल्यांदाच कागदावर आकार आला. मी ती तपासणी करायची की नाही हे अजून ठरवते आहे, आणि कुणी घाई केलेली नाही.

दुसरं, मानसोपचार. तिथे शिकले ते असं: तपासावंसं वाटलं की लगेच नाही म्हणायचं नाही, फक्त पुढे ढकलायचं. आधी अर्धा तास, मग संध्याकाळपर्यंत. सुरुवातीला जीव कासावीस व्हायचा, पण ती लाट ओसरते. वर्षाच्या तपासण्या आता डॉक्टरांनी ठरवलेल्या वेळीच होतात, अधेमधे नाही. ज्यांना समुपदेशक परवडत नाही किंवा जवळ नाही, त्यांनी टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर लावा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं, रात्रीही लागतो. मी एकदा रात्री लावला होता. पलीकडच्या बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, आईबद्दल विचारलं.

ठाणे, ३१

बाळ दीड महिन्याचं असताना एक बाजू लाल, गरम, कडक झाली, ताप भरला. अँटिबायोटिक घेऊनही लाली जाईना, तेव्हा फोनवर नको ते वाचलं. सोनोग्राफीत पू साठलेला निघाला, सुईने काढला, बरं झालं. पण माझ्या डॉक्टरांनी एक गोष्ट बजावली होती: औषधाने आठवडा-दोन आठवड्यांत उतरलं नाही तर दूधच साठलंय म्हणून सोडायचं नाही, पुन्हा यायचं. बाळंतपणात आपण सगळं दुधावर ढकलतो.

लेस्टर, इंग्लंड, ४१

इथे जीपीने (म्हणजे फॅमिली डॉक्टरने) तातडीचं पत्र दिलं आणि ब्रेस्ट क्लिनिकला एकाच सकाळी तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी सगळं झालं. पाण्याची गाठ होती, तिथेच सुईने पाणी काढलं. सोय उत्तम, पण त्या वेटिंग रूममध्ये मराठीत बोलायला कुणी नव्हतं. आई सांगलीला. तिला नंतर सांगितलं तर ती रडली, 'तू एकटीने कसं काढलंस' म्हणून. पुढच्या वेळी आधी सांगणार, वेळेचा फरक असला तरी ती फोनवर बसून राहील.

नागपूर, ५२, नवरा

बायकोला मी सारखा म्हणत होतो, काही नाही निघत, तू बिनधास्त राह्य. एक दिवस ती म्हणाली, तुम्ही असं म्हटलं की मला घाबरता येत नाही. तेव्हापासून ते बोलणं बंद केलं. फाईल मी सांभाळली, लॅबला फोन मीच लावायचो, आणि नातेवाइकांचे फोन माझ्याकडे वळवले. भावांनो, यातलं जे जमेल ते करा. रिपोर्ट साधा आला, देवाची कृपा.

पालघर जिल्हा, आशा सेविका

तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा फॉर्म आम्ही घरोघरी भरतो. त्यात छातीत गाठ आहे का, रक्तासारखं पाणी येतं का, आकार बदललाय का, हे विचारायचं असतं. घरात माणसं असली की बाई 'नाही' म्हणते. म्हणून मी फॉर्म मिटते, पाणी मागते, आणि ती स्वयंपाकघरात गेली की मागे जाते. तिथे खरं कळतं. मग उपकेंद्रात घेऊन जाते, पुढे ग्रामीण रुग्णालय. तुमच्या आशाताईला सांगायला लाजू नका. आम्ही गावात बोलत नाही.

जळगाव, ४३

सगळं वाचलं. माझी परवा मॅमोग्राफी आहे, पहिलीच. खूप दुखतं का? काय तयारी करू?

नाशिक, ३४

ताई, माझ्या सासूबाईंची मागच्या वर्षी झाली, त्यांचं सांगते. काही सेकंद जोरात दाबतात, त्या म्हणाल्या सोसवतं. साडी किंवा कुर्ता-सलवार घाल, वरचं सहज काढता येईल असं. त्या दिवशी डिओ, पावडर, क्रीम लावू नकोस, फोटोत ठिपके दिसतात. जुने रिपोर्ट असतील तर घेऊन जा. पाळी परवाच येणार असेल तर फोन करून आठवड्याने पुढची तारीख मिळते का बघ, पाळीनंतर कमी दुखतं. पण गाठ दिसली म्हणून डॉक्टरांनी लिहून दिली असेल तर त्यांना विचारल्याशिवाय पुढे ढकलू नकोस. सोबत कोण येतंय?