मित्र सतत चिडलेला असतो. जवळ राहायचं की लांब व्हायचं?

माळरान:
आयटीआयपासूनचा मित्र. दोघंही चाकणला लागलो, कंपन्या वेगळ्या. त्याची पाळी दर आठवड्याला बदलते. गेली काही वर्षं तो कायम तापलेला असतो. टपरीवरचा चहा गार निघाला, चाकण चौकात कुणी उलट्या बाजूने गाडी घातली, फोन उशिरा उचलला, कशावरूनही. बाकीच्या मित्रांनी त्याला बोलावणं बंद केलंय. मी केलेलं नाही, करणारही नाही. माणूस असा सतत धुमसतो तेव्हा त्याला आतून काहीतरी पोखरत असतं. डिप्रेशन आलेला प्रत्येक जण रडत बसत नाही. पुरुषांमध्ये तर ते बरेचदा चिडचिडीतूनच बाहेर पडतं. याच्या डोक्यावर घराचं कर्ज आहे, आई अंथरुणाला खिळलीय. "स्वभावच तसा" म्हणून सगळ्यांनी हात झटकले, तर तो जाणार कुठे? तुम्हाला काय वाटतं?

सांजवात:
तो सुपरवायझरवर असा ओरडतो का? ओरडत नसेल, तर राग आवरता येतो त्याला. कुणावर काढायचा हेही नीट कळतं.

अशा माणसाच्या घरात मी संसार केलाय. त्याचे मित्र यायचे आणि सांगायचे, "वहिनी, मनाने फार चांगला आहे तो, जरा समजून घ्या." त्यांना तो कधीतरी तासभर भेटायचा. ताट भिरकावलं जायचं तेव्हा ते तिथे नसायचे. दादा, तुम्ही मित्राची काळजी करताय, पण त्याच्या बायकोला कधी विचारलंत का? 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात फक्त मारहाण येत नाही, शिवीगाळ, अपमान, मानसिक छळही येतो. मित्र समजून घेतात, घर सोसतं, मग त्याने बदलावं तरी कशासाठी?

निशिगंध:
औद्योगिक भागात माझा दवाखाना आहे, असे रुग्ण रोज येतात. बहुतेकांना बायको हाताला धरून आणते, आणि तक्रार सांगतात ॲसिडिटीची. आधी झोप विचारा. फिरत्या पाळीत शरीराचं घड्याळ जुळायच्या आत पाळी बदलते. दिवसा पत्र्याखालच्या खोलीत चार-पाच तास जेमतेम डोळा लागतो. अपुऱ्या झोपेने माणूस चिडका होतो, यात काही वाद नाही. थायरॉइडचं हार्मोन वाढलं तरी चिडचिड, धडधड, हातांना कंप असतो. टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी), बीपी, शुगर एकदा तपासून घ्या. दारू किती होते, हेही स्पष्ट विचारा.

सांजवातताई, साहेबासमोर तो आवरतो कारण तिथे नोकरी जाईल. दिवसभर आवरून आवरून घरी पोचेपर्यंत त्याची ताकद संपते. हे कारण झालं, माफी नव्हे. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला लाज वाटत असेल तर 14416 वर फोन करायला सांगा. केंद्र सरकारची टेलिमानस सेवा आहे, 2022 पासून सुरू, मोफत, मराठीत बोलता येतं.

भटक्या:
डॉक्टरसाहेब, सगळ्याचाच आजार करू नका. वर्षानुवर्षं कंत्राटावर राबणारा, शेजारच्या कायम कामगाराएवढंच काम करून निम्म्या पगारात घर चालवणारा माणूस चिडला तर त्याच्या थायरॉइडमध्ये काय शोधता? त्याचा राग रास्त आहे. त्याला युनियनच्या मीटिंगला न्या. तिथे त्या रागाचं काहीतरी होईल.

सांजवात:
पगार कंपनी कापते आणि ताट बायकोच्या अंगावर येतं. यात रास्त काय आहे?

माळरान:
सुपरवायझरसमोर तो मान खाली घालून उभा राहतो, हे खरं आहे. तरी मी त्याला सोडणार नाही, कारण सगळे लांब झाले तर त्याच्याजवळ फक्त बायको आणि मुलगी उरतील, आणि सगळा जाळ त्यांच्यावरच जाईल. पण जवळ राहणं म्हणजे ऐकत बसणं, असं मी मानत नाही. "बोलू दे, मन मोकळं होईल" असं सगळे म्हणतात. ब्रॅड बुशमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 2002 मध्ये याचाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. ज्याने चिडवलं त्याला डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारणारे लोक आणखी चिडले. नुसते गप्प बसलेले त्यांच्यापेक्षा शांत राहिले. आमच्या कट्ट्यावर हेच होतं. तो तीच फोरमनची गोष्ट उगाळतो, आम्ही "हो ना" म्हणतो, आणि तो आणखी पेटून घरी जातो.

म्हणून त्याची सुट्टी बघून, सकाळी, डोकं थंड असताना बोलणार. तपासणीला सोबत जाणार. वेटरवर, बायकोवर आवाज चढला की तिथल्या तिथे "हे चालणार नाही" म्हणून उठणार, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करणार. भटक्या, मीटिंगलाही नेईन, पण आधी दवाखाना.

सांजवात:
उठून जाल तेव्हा त्याला एकट्याला घरी पाठवू नका. पेटलेला माणूस त्या रात्री घरीच जातो. आणि तुमच्या बायकोला सांगा, वहिनींशी वेगळं बोलायला, तो घरात नसताना. 181 हा महिला हेल्पलाइनचा नंबर त्यांच्याकडे असू दे. त्या म्हणाल्या "माहेरी जाते", तर त्यांना थांबवायला जाऊ नका, मित्रासाठीसुद्धा नाही.

माळरान:
नाही थांबवणार. बायकोशी आजच बोलतो.