डाव्या स्तनाचे रेडिएशन : श्वास रोखणे जमत नसेल तर हृदयाचे संरक्षण कसे करावे?

माझ्या आईच्या (वय ६२) डाव्या स्तनातील गाठ शस्त्रक्रियेने काढली असून केमोथेरपीही पूर्ण झाली आहे. आता १५ सिटिंगमध्ये एकूण ४० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) रेडिएशन द्यायचे ठरले आहे. दीर्घ श्वास घेऊन सुमारे २० सेकंद रोखला की फुप्फुस फुगते, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि किरणांच्या वाटेतून बरेचसे बाहेर पडते, असे डॉक्टरांनी समजावले. आईला मात्र दमा आहे. सरावाच्या वेळी दहा सेकंदांतच खोकल्याची उबळ आली आणि ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असे तिने ठरवूनच टाकले.

स्वीडन व डेन्मार्कमधील स्त्रियांच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयाला मिळणाऱ्या सरासरी मात्रेतील प्रत्येक ग्रेमागे हृदयधमन्यांच्या गंभीर विकारांचे प्रमाण ७.४ टक्क्यांनी वाढलेले आढळले, हे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. त्यातच तिला मधुमेह आहे आणि केमोमध्ये डॉक्सोरुबिसिन हे हृदयावर परिणाम करू शकणारे औषध होते. अशा वेळी दुसरा मार्ग कोणता, आणि डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

प्रतिसाद :
तो आकडा मूळ धोक्याच्या तुलनेतला आहे. दर शंभरात सात जणींना त्रास होतो, असा त्याचा अर्थ नाही. मात्र मधुमेहामुळे मूळ धोकाच जास्त असतो, म्हणून साखर आणि रक्तदाब यांकडे दुर्लक्ष नको.

माझ्या पत्नीलाही पहिल्या दिवशी जमले नव्हते. घरी उताणे झोपून, हात डोक्यावर घेऊन आठवडाभर सराव केल्यावर जमले, कारण किरण टप्प्याटप्प्याने देतात आणि मध्ये श्वास सोडता येतो, हे कळल्यावर तिची अर्धी भीती गेली. दम्याच्या डॉक्टरांनाही आधी विचारून घ्या. तरीही न जमल्यास किरणांचे कोन बदलणे, हृदयाचा भाग झाकणे किंवा काही जणींच्या बाबतीत पालथे झोपवून उपचार करणे हे पर्याय असतात. श्वास रोखून आणि साध्या श्वासावर अशा दोन्ही पद्धतींचे प्लॅन करून हृदयाची सरासरी मात्रा आणि हृदयाच्या पुढच्या बाजूच्या डाव्या धमनीची मात्रा यांची तुलना दाखवायला सांगा. साध्या श्वासावरही मात्रा मुळात कमी येत असेल, तर श्वास रोखण्याचा अट्टहास नको. डॉक्सोरुबिसिन झालेले असल्याने टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केव्हा करावा, हेही याच भेटीत विचारा.