बिबा उतला, आता आईच्या गुडघ्याला काय लावू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, थोडं लांब लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला नीट सांगता येणार नाही.

आम्ही नागपूरला मानेवाड्याकडे राहतो. आई ६८ वर्षांची, माहेर ब्रह्मपुरीकडचं. शुगर १४ वर्षांपासून, शिवाय हृदयाची झडप बदलली आहे म्हणून रक्त पातळ ठेवायची वॉर्फरिनची गोळी रोज. गुडघे दोन्ही गेलेत, डावा जास्त. रात्री कूस बदलताना कण्हते ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. पेनकिलरच्या गोळ्या मनाने द्यायच्या नाहीत असं हार्टच्या डॉक्टरांनी बजावलेलं, त्यामुळे जे काय करायचं ते वरून लावून, आणि वरून लावल्याने काय होणार आहे असं मीही धरून चालले होते.

मागच्या महिन्यात मामी गावाहून बिबे घेऊन आली. मी ऑफिसला असताना आईने बिबा सुईला टोचून दिव्यावर धरला आणि तेल सुटलं तशा गुडघ्याच्या दोन्ही बाजूंना फुल्या मारल्या. त्या दिवशी काहीच नाही, उलट बरं वाटतंय म्हणाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज सुटली, आणि तिसऱ्या दिवशी मी बघते तर फुल्यांच्या काळ्या डागांभोवती लाल चट्टे, त्यावर पाण्याने टम्म भरलेले फोड, काही मोहरीएवढे काही वाटाण्याएवढे, मांडीवर पण आणि कोपरावर पण, जिथे जिथे तेलाचा हात लागला तिथे. तोवर मला सांगितलंच नव्हतं, पातळाखाली झाकून बसली होती, वरून खोबरेल चोपडत होती कारण बिबा उतला की खोबरेल हे आमच्याकडे ठरलेलंच.

स्किनच्या डॉक्टरांनी सांगितलं की बिब्याच्या टरफलातलं तेलच कातडीला उठवतं, आणि एकदा अशी अ‍ॅलर्जी झाली की पुढच्या वेळी थेंबभर लागलं तरी जास्त उतू शकतं. बिबा, आंबा, काजू एकाच कुळातले, म्हणून कैरीच्या चिकाला पण जपा म्हणाले. शुगर आहे तर फोड फोडू नका, जखम चिघळेल. क्रीम दिलं, तीन आठवड्यांनी सुकलं, काळे डाग अजून आहेत.

आईचं म्हणणं, "माह्या मायनं सारी जिनगानी बिबाच लावला, तिले काई झालं नाई. अन् गोडंबी तं बाळंतिणीच्या लाडवात घालतोच ना आपण?" मला उत्तर सुचेना. शेजारच्या ताई आयुर्वेदाच्या डॉक्टर आहेत, त्यांनी तिला समजावलं की गोडंबी म्हणजे आतला गर, बाधतं ते टरफलातलं तेल, आणि औषधात घालताना सुद्धा बिबा विटेच्या चुऱ्यात घासून शुद्ध करूनच घेतात. कायद्यात आयुर्वेदातल्या विषारी द्रव्यांची वेगळी यादी आहे त्यात भल्लातक म्हणजे बिबा आहे, हे त्यांच्याकडूनच कळलं. हे आईला पटलं, कारण सांगणारी वैद्यच होती.

पण दुखणं तर आहेच, आता तिला दुसरं काहीतरी हवंय. रुईचं पान तेल लावून तव्यावर गरम करून बांधायचं म्हणते, मला त्याच्या चिकाची भीती, कातडी तर जळतेच पण हात डोळ्याला लागला की डोळा सुजून दिसायला धूसर होतं. लसूण ठेचून बांधू म्हणाली, त्याला मी सरळ नाही म्हटलं, रात्रभर बांधलेल्या लसणाने भाजल्यासारखं झालेलं मी स्वतः पाहिलंय. निरगुडीच्या पाल्याचा शेक मला त्यातल्या त्यात ठीक वाटतो, पण तिची चप्पल चालता चालता पायातून निघून जाते आणि तिला कळत नाही, एवढी पायाची जाणीव कमी झालीय, मग शेक किती गरम आहे ते तिला कळणार कसं? शिवाय भावाने इतवारीतून एक तेल आणलंय, बाटलीवर गंधपुरा, कापूर, पुदिन्याचा अर्क, निलगिरी, आणि "साइड इफेक्ट नाही" असं मोठ्या अक्षरात. दोन्ही गुडघ्यांना चोळून वर गरम कपडा गुंडाळणं चार दिवसांपासून चालू आहे.

तर ज्यांच्या घरी वॉर्फरिन आणि शुगर दोन्ही आहे त्यांनी प्लीज सांगा, यातलं काय चालतं? मला तिच्यावर ओरडायचं नाहीये हो, तिला स्वतःच्या हाताने काहीतरी करायचं असतं, तेवढंच तिच्या हातात उरलंय.

अपडेट, रात्री ११: ज्या दोघांनी गंधपुऱ्याबद्दल लिहिलं त्यांचे खरंच आभार. त्या तेलात मिथाइल सॅलिसिलेट असतं, अ‍ॅस्पिरिनच्या जातीचं, कातडीतून रक्तात जातं आणि वॉर्फरिनचा जोर वाढवतं, चोळून गरम बांधलं तर आणखी जास्त, हे माहीतच नव्हतं. वाचल्या वाचल्या आईचे हात बघितले तर बांगड्यांच्या जागी निळे डाग. तेल पुसून काढलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी आज रात्रीची गोळी थांबवून सकाळी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते बघायची रक्ततपासणी, आकडा जास्त म्हणजे रक्त जास्त पातळ) करायला सांगितलंय आणि काळी शी किंवा कुठून रक्त दिसलं तर सकाळची वाट न बघता भरती करा म्हणाले.

दुसरा दिवस: आयएनआर ४.६ आला, तिचा ३ च्या आसपास असतो. एकट्या तेलाने वाढला की आणखी कशाने ते नक्की सांगता येत नाही म्हणाले, पण तेल कायमचं बंद. निरगुडीचा शेक चालेल, मात्र कपडा आधी मी माझ्या मनगटावर लावून बघायचा आणि मीच धरायचा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल त्यांनी ठरवून दिलंय तेवढंच, आणि मांडीचे व्यायाम. मानेवाडा, अयोध्यानगर किंवा तुकडोजी पुतळ्याकडे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत असतील तर मला मेसेज करा, शक्यतो बाई असतील तर बरं, आई लाजते.