शिकारीचं लायसन कुठे काढतात? अर्जंट मदत हवी आहे

भातखाचर
नमस्कार मंडळी. डुकरांनी वाट लावली आहे. घरामागचं भात कापायला आलंय आणि परवा रात्री अर्धं खाचर लोळवलं. सकाळी जाऊन बघतो तर गादी घातल्यासारखं भात आडवं, लोंब्या चावून चोथा थुंकलेला, बांधावर खुरांचे ठसे आणि त्यांत पाणी साचलेलं. घरात बंदूक आहे, पण पोलीस देत नाहीत. म्हणतात लायसन आणा. शिकारीचं लायसन कुठे मिळतं, फी किती, किती दिवस लागतात? मी यात अगदी नवीन आहे. कायद्याचे डोस नकोत, प्रोसेस सांगा. हातात जेमतेम पंधरा दिवस आहेत.

गावठी_वकील
बंदूक घरात आहे की पोलिसांकडे? दोन्हीकडे कशी असेल? कुठला जिल्हा, कसली बंदूक, लायसन कोणाच्या नावावर, शेती संरक्षणाचं की स्वसंरक्षणाचं? एवढं सांगा, मग बोलू.

आंबेकाजू
बंदूकबिंदूक सोडा. झटका मशीन बसवा, म्हणजे कुंपणाच्या तारेला हात लागला की नुसता झटका देणारं यंत्र. मी तीन वर्षांपूर्वी बसवली, बॅटरी आणि सोलर पॅनलसकट. पहिल्याच रात्री डुक्कर असं ओरडलं की आमची म्हातारी उठून बसली. त्यानंतर फिरकलं नाही.

भातखाचर
@गावठी_वकील रत्नागिरी जिल्हा. तालुका सांगत नाही, ठाण्यातले वाचतील. ठासणीची बंदूक आहे, आजोबांपासूनची. इलेक्शनच्या आचारसंहितेत जमा केली होती ती तिथेच राहिली.
@आंबेकाजू दीड एकराला चारही बाजूंनी तार ओढायला पंधरा दिवसांत माणसं कुठून आणू?

टेक्सासकर
इकडे टेक्सासमध्ये रानडुकरांचा असाच उच्छाद आहे. पण नियम सुटसुटीत. खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी असेल तर रानडुकरासाठी २०१९ पासून शिकारीचं लायसनच लागत नाही. हरणाला लागतं. आणि २ सप्टेंबर १९७१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. मी केला. बंदूक धरून कुंपण कसं ओलांडायचं इथपासून शिकवतात.

गावठी_वकील
@टेक्सासकर साहेब, त्यांचं भात कोकणात आहे.
@भातखाचर इलेक्शन होऊन किती महिने झाले! ज्यांच्या नावावर लायसन आहे त्यांनी स्वतः जाऊन पावती दाखवून बंदूक का आणली नाही? हा प्रश्न मी दुसऱ्यांदा विचारतोय.

भातखाचर
वडिलांच्या नावावर. ते गेले फेब्रुवारीत.

गावठी_वकील
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं हो. वाईट वाटलं ऐकून. पण मग ठाण्यातल्यांचं चुकलेलं नाही. लायसन माणसाच्या नावावर असतं, घराच्या नाही. ती बंदूक आज तुमच्या हातात दिली तर शस्त्र कायद्याखाली तुम्ही विनापरवाना हत्यार बाळगता असं होईल. उलट ती जमा आहे हेच बरं, माळ्यावर असती तर आधी ठाण्यात नेऊन द्या म्हणालो असतो.

तुम्हाला वारस म्हणून स्वतःच्या नावाने नवीन लायसन मागायचं आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात, २०१६ च्या शस्त्र नियमांखाली. मृत्यूचा दाखला, वारस दाखला, बाकीच्या वारसांची लेखी संमती, सात-बारा, वडिलांच्या लायसनचं मूळ पुस्तक. पोलीस चौकशी होईल. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचंही विचारतील. एकदा मिळालं की पाच वर्षं, पूर्वी तीन होती. पंधरा दिवसांत होणं कठीण.

रानमेवा
एवढं कशाला? गावात कुणाकडे तरी बंदूक असेलच. रविवारी पारध लावा. चार जण हाकायला, दोन जण वाटेवर. आमच्याकडे पूर्वी असंच चालायचं, वाटे घरोघर जायचे. रानडुकराच्या मटणाची सर कशाला नाही. चरबी जाड असते, तेल घालावं लागत नाही.

जुना_गार्ड
मी वनखात्यातून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट. 'शिकारीचं लायसन' नावाची वस्तू आता आपल्याकडे नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही आधी परवाने होते, १९९१ च्या दुरुस्तीने ते गेले. आता सरसकट बंदी, आणि अपवाद फक्त कलम ११ मधले. जनावर माणसाला किंवा उभ्या पिकासकट मालमत्तेला धोकादायक झालं असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी परवानगी देतो. रानडुक्कर त्यात बसतं. गवा बसत नाही, तो अनुसूची १ मधला, म्हणजे कायद्याच्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतला. त्याच्यासाठीची वाट वेगळी आहे आणि पिकाच्या नासाडीवर ती उघडत नाही. जुन्या लेखांत रानडुक्कर अनुसूची ३ मध्ये लिहिलेलं सापडेल. १ एप्रिल २०२३ पासून अनुसूच्या बदलल्या, ते आता २ मध्ये आहे आणि ३ मध्ये झाडं आहेत.

म्हणजे कागद दोन. बंदुकीचा जिल्हाधिकाऱ्यांकडून, जनावराचा वनखात्याकडून. लायसनच्या पुस्तकात 'शेती संरक्षण' लिहिलंय म्हणून डुक्कर मारता येत नाही. गावात निम्म्या लोकांचा हाच गैरसमज आहे.

@रानमेवा, कायद्यात शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. हाकणं, फासकी लावणं, विष घालणं, प्रयत्न करणं, सगळं त्यात येतं. हाकाऱ्यालाही उचलतात. आणि परवानगीने मारलेलं जनावरसुद्धा सरकारची मालमत्ता असतं. वाटे विसरा.

रानमेवा
म्हणजे डुकराने आमचं भात खायचं, आणि आम्ही डुक्कर खायचं नाही. वा.

निसर्गवेडी
जंगल तोडून काजूच्या बागा कोणी लावल्या? डुकरं तुमच्या शेतात आली नाहीत, तुम्ही त्यांच्या घरात गेलात.

भातखाचर
ताई, हे खाचर माझ्या पणजोबांच्या आधीपासून खाचरच आहे. तुम्ही या एक रात्र, मचाणावर बसून पत्र्याचा डबा वाजवा. मग बोलू.

आंबेकाजू
डबा दोन दिवस चालतो, तिसऱ्या दिवशी डुक्कर डब्याच्या तालावर खातं. म्हणून म्हणतो, झटका मशीन.

कोकणचा_पाहुणा
आमच्या शेजाऱ्याने सरळ लाईटच्या खांबावरून आकडा टाकून तारेत करंट सोडला होता. डुक्कर एकही मेलं नाही, त्याचीच म्हैस मेली.

जुना_गार्ड
असलं करूच नका. म्हशीच्या जागी माणूस असता तर? फासकीचंही तेच. लावतात डुकराला आणि अडकतो बिबट्या. मी एक बघितलाय, कमरेत तार रुतलेला, आणि लावणारा माणूस बाजूला उभा राहून रडत होता. बिबट्या अनुसूची १ मधला, शिक्षा तीन वर्षांपासून सुरू होते.

मुंबईकर_सध्या_न्यूजर्सी
@टेक्सासकर अवांतर, पण तुम्ही एच-१बीवर आहात ना? व्हिसावाल्याला तिकडे बंदूक चालते?

टेक्सासकर
एरवी नाही. पण वैध हंटिंग लायसन असेल तर त्या बंदीतून सूट आहे, म्हणून मी रानडुकराला लागत नसतानाही लायसन काढतो. ते ३१ ऑगस्टला संपतं, त्याआधी नवीन घ्यायला विसरलात तर कपाटातली बंदूक गुन्हा होते. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही.

गावठी_वकील
मंडळी, धागा कोकणात परत आणा.

भातखाचर
@जुना_गार्ड काका, म्हणजे माझं यंदाचं भात गेलंच का?

जुना_गार्ड
नाही. परवानगी मागायला स्वतःकडे बंदूक असलीच पाहिजे असं नाही. कायदा 'कोणत्याही व्यक्तीला' म्हणतो. गावात किंवा शेजारच्या वाडीत चालू लायसनवाला कोणी असेल तर त्याची लेखी तयारी घ्या आणि अर्जात त्याचं नाव, लायसन नंबर घाला. फक्त त्याचं लायसन आपल्या हद्दीत चालतं का, मुदत संपली नाही ना, ते पुस्तक स्वतः उघडून बघा. 'आहे रे' म्हणतात आणि दोन वर्षांपूर्वी संपलेलं असतं.

अर्ज वनखात्याच्या रेंज ऑफिसला. गट नंबर, सात-बारा, नुकसानीचे फोटो. फोटोत खुरांच्या ठशाशेजारी काडेपेटी ठेवा, आकार कळतो. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा, तो त्याच फेरीत द्या आणि पंचनामा होईपर्यंत पडलेलं भात उचलू नका. दोन्ही अर्जांवर पोच घ्या. नुसतं 'ठेवून जा' म्हणाले तर आवक नंबर मागा.

भातखाचर
पडलेलं भात आईने कालच उचललं. गुरांना घातलं.

जुना_गार्ड
मग आज रात्री जे पडेल त्याचं करा.

निसर्गवेडी
@भातखाचर कालचं माझं बोलणं तोडून टाकल्यासारखं झालं. खाचराच्या कडेला करवंदाचं दाट कुंपण करता येतं, पण त्याला वर्षं लागतात हे मान्य.

भातखाचर
अपडेट. रेंज ऑफिसला अर्ज दिला, पोच घेतली. वनरक्षक उद्या बघायला येतो म्हणाला. वरच्या वाडीतल्या बाबल्यादादांचं लायसन चालू आहे, पुस्तक स्वतः बघितलं. ते तयार आहेत, पण म्हणतात केपा (बार पेटवणाऱ्या टोप्या) जुन्या आहेत, बार पेटेल का सांगता येत नाही. बंदुकीच्या अर्जासाठी वारस दाखल्याचे कागद गोळा करतोय. संमतीपत्रावर थोरल्या भावाची सही लागणार, आणि तो दोन वर्षं माझ्याशी बोलत नाही. आज रात्री फोन करतो.

गावठी_वकील
आधी डुकराचा विषय काढा. जमिनीचा काढू नका.

आंबेकाजू
आणि भावाला झटका मशीनचं पण विचारा, निम्मे पैसे तो देईल.