मदत हवी आहे: एजंटच्या टूलचं वर्णन कसं लिहावं? बॉक्स विचारले की रुपये सांगतोय

नमस्कार मंडळी,

सांगलीतल्या एका अडत पेढीसाठी व्हॉट्सॲपवर उत्तरं देणारा एआय एजंट (भाषा मॉडेलवर चालणारा मदतनीस) करतोय. पेढीवर हळद आणि बेदाणा दोन्ही येतं. शेतकरी तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, जत इकडचे. त्यांचे फोन नेमके सौदे चालू असताना येतात, तेव्हा दिवाणजींना मान वर करायला वेळ नसतो आणि लांबून फोन करणाऱ्याला उत्तर मिळत नाही. ते उत्तर त्याला मिळावं, एवढ्यासाठी हे काम हातात घेतलंय.

त्यातल्या मॉडेलला चार टूल (माहिती काढून आणायला त्याला बोलावता येतील अशी फंक्शनं) दिलीत: कोल्ड स्टोरेजमधला माल, शेतकऱ्याचं खातं, सौद्यातले भाव आणि झालेल्या पट्ट्या (विक्रीचे हिशेब). कोड नीट चालतो, डेटाही बरोबर येतो. घोळ होतो तो टूल निवडताना. शेतकरी लिहितो, "दादा, माझं किती राहिलंय?" यावर एजंट कधी कोल्डमधल्या मालाचे बॉक्स सांगतो, कधी खात्यातले रुपये. मॉडेलला आपला कोड दिसत नाही. टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा (टूलला कोणती माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा), एवढ्यावरच त्याला ठरवायचं असतं, हे माहीत आहे. पेढीच्या जुन्या सॉफ्टवेअरमधून आलेली वर्णनं अशी आहेत:

मालाचं टूल: "शेतकऱ्याची शिल्लक देते."
खात्याचं टूल: "शेतकऱ्याची बाकी देते."

दुसरी अडचण मला जास्त गंभीर वाटते. हळदीचा भाव क्विंटलला बोलतात, बेदाण्याचा किलोला. यार्डात हे कुणी कुणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊकच असतं. टूल मात्र नुसता आकडा परत देतं. चाचणीत एजंटने बेदाण्याचा भाव "क्विंटलला 180 रुपये" असा ठोकून दिला. माल आज काढायचा की कोल्डलाच ठेवायचा, हे माणूस त्या आकड्यावर ठरवतो. वर्षभराचं पीक असतं ते.

तर वर्णन मराठीत लिहू की इंग्रजीत? देवनागरीला टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत मोजतं ते) जास्त लागतात आणि वर्णनं प्रत्येक विनंतीबरोबर जातात. पण पट्टी, उचल (आगाऊ घेतलेले पैसे), अडत (अडत्याचं कमिशन) हे शब्द इंग्रजीत कसे बसवायचे? शिवाय लांबी किती ठेवावी, आणि चारही टूल मिळून एकच करावं का?

प्रतिसाद 1:

साताऱ्यात असाच एक एजंट चालवते, दूध संकलनाचा. तुमची दोन्ही वर्णनं शेजारी ठेवून वाचा, माणसालाही फरक कळणार नाही. टूल काय देतं हे लिहाच, पण ते कधी वापरायचं नाही आणि त्याऐवजी कोणतं वापरायचं, हेही लिहा. माझ्याकडे सगळ्यात जास्त फरक या एका वाक्याने पडला.

एकक वर्णनात लिहून थांबू नका. परत येणाऱ्या फील्डच्या नावातच "प्रति किलो" किंवा "प्रति क्विंटल" येऊ द्या, म्हणजे आकडा आणि एकक एकत्रच राहतात. मालासाठी मोकळा मजकूर न घेता हळद आणि बेदाणा असे ठरलेले दोनच पर्याय द्या.

भाषेचं म्हणाल तर टूलचं नाव रोमन अक्षरांतच ठेवावं लागेल, मॉडेलच्या बऱ्याच एपीआयना (कोडमधून मॉडेल वापरायच्या सेवांना) तिथे देवनागरी चालत नाही. वर्णन इंग्रजीत लिहिलंत तरी शेतकऱ्याचे शब्द त्यात देवनागरीत जसेच्या तसे ठेवा. टोकन वाचवायला वर्णन तोडू नका. चुकीचं टूल बोलावलं की त्याहून जास्त टोकन जातात, वर उत्तरही चुकतं.

चारांचं एक मात्र करू नका. मग मॉडेलला आतला प्रकार निवडावा लागेल, घोळ तिथे सरकेल इतकंच. पट्ट्या आणि खातं नेहमी एकापाठोपाठ बोलावले जात असतील तर ती दोन जोडून बघा.

प्रतिसाद 2:

शेतकऱ्याचा मोबाइल नंबर पॅरामीटर म्हणून मॉडेलकडून घेताय का? तसं असेल तर आधी ते बंद करा. मेसेज ज्या नंबरवरून आला तो तुमच्या कोडनेच जोडायचा. "दुसऱ्याचं खातं दाखवू नये" असं वर्णनात लिहून संरक्षण होत नाही. भावकीतलाच कुणी चुलत्याची उचल विचारून बघेल.

आणि सौदा नसलेल्या दिवशी भावाचं टूल काय परत देतं? रिकामी यादी आली की मॉडेल "भाव मिळाला नाही" असं सांगून मोकळं होतं. टूलनेच "या तारखेला सौदा नव्हता, आधीचा सौदा अमुक तारखेचा" असं वाक्य द्यावं.

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. नंबरचं आज सकाळीच बदललं. मालाच्या टूलचं नवं वर्णन:

"शेतकऱ्याचा कोल्ड स्टोरेजमध्ये असलेला, अजून न विकलेला बेदाणा 15 किलोच्या बॉक्समध्ये देते. 'माझा माल किती आहे', 'किती बॉक्स राहिले' अशा प्रश्नांना वापरा. पैसे, उचल किंवा पट्टीसाठी वापरू नका, त्यासाठी खात्याचं टूल आहे. माल की पैसे हे स्पष्ट नसेल तर कोणतंही टूल न बोलावता आधी शेतकऱ्याला विचारा."

आता "किती राहिलंय" म्हटलं की एजंट "बॉक्स की पैसे?" असं विचारतो. पण "पट्टी निघाली का आणि किती हातात येतील" अशा जोडप्रश्नाला अजून एकच टूल बोलावतो. तिथे वर्णन बदलायचं की टूल जोडायची, हे कुणी केलं असेल तर सांगा.

वर्णन बदललं की दरवेळी तीच वाक्यं चालवून कोणतं टूल निवडलं ते तपासतोय. ती वाक्यं मात्र सगळी माझ्याच डोक्यातली आहेत. ज्यांच्या घरी द्राक्षबाग किंवा हळद आहे, त्यांनी अडत्याला फोनवर जसं विचारता तशी दोन-चार वाक्यं इथे टाकावीत. जत आणि आटपाडीकडची बोली असेल तर फारच उपयोग होईल.