डेबियन १२ वरून १३ वर जाताना बूट विभाग भरला व अपग्रेड अर्धवट राहिले. पुढची पावले कोणत्या क्रमाने टाकावीत?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचा संगणक मी २०१९ पासून सांभाळतो. त्या वर्षी त्यावर डेबियन १० (लिनक्सवर आधारित संचालन प्रणाली) बसवले होते आणि पुढे ११ व १२ ही अपग्रेड विनातक्रार पार पडली. कोहामध्ये (वाचनालयाच्या कामाचे सॉफ्टवेअर) सुमारे ११,००० पुस्तकांची सूची आणि सभासदांची देवघेव याच यंत्रावर आहे. गेल्या रविवारी सकाळी १३ वर जाण्याचा प्रयत्न केला आणि काम मध्येच अडले. यापुढे अंदाजाने एकही आज्ञा देऊ नये असे वाटल्यामुळे हा धागा काढत आहे.

यंत्रात दोन डिस्क आहेत. पहिलीवर २३६ एमबीचा /बूट विभाग (यंत्र सुरू करणाऱ्या फायलींची जागा) असून त्याला लागूनच एनक्रिप्ट केलेला (कुलूपबंद) एलव्हीएम, म्हणजे डिस्कची जागा लवचिकपणे वाटणारी मांडणी, सुरू होतो. मूळ प्रणाली आणि मारियाडीबीचा (कोहाचा डेटाबेस) डेटा त्यातच आहे. दुसरी डिस्कही एनक्रिप्ट केलेली असून रोज रात्री १ वाजता कोहाचा डंप (डेटाची पूर्ण प्रत) तिच्यावर जातो. रविवारी अपग्रेड सुरू करण्यापूर्वी एकही नवी नोंद झालेली नव्हती, म्हणजे शनिवारी रात्रीचा डंप हाती आला तर काहीही गमावलेले नसेल.

स्रोतांच्या यादीत बुकवर्मच्या (१२) जागी ट्रिक्सी (१३) लिहिले, आधी नवी पॅकेजे (सॉफ्टवेअरचे सुटे संच) न घेता होणारे अपग्रेड केले आणि मग पूर्ण अपग्रेड सुरू केले. साधारण पाऊण तासाने ६.१२ कर्नलचे (प्रणालीचा गाभा) इनिटआरडी, म्हणजे सुरुवातीला लागणाऱ्या फायलींचा संच, तयार होत असताना ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ असा संदेश आला आणि डीपीकेजी (पॅकेजे बसवणारे साधन) त्रुटी देऊन थांबले. /बूटमध्ये ६.१ चे दोन कर्नल आधीच होते, त्यामुळे तिसऱ्याला जागा उरली नव्हती. /बूट किमान ७६८ एमबीचे असावे आणि त्यात सुमारे ३०० एमबी मोकळे असावेत, डेबियन १० किंवा त्याआधी उभारलेल्या यंत्रांना ही अडचण येण्याची दाट शक्यता आहे, हे १३ च्या प्रकाशन-टिपांत स्पष्ट लिहिलेले आहे. ते मी नंतर वाचले, ही माझी चूक मी मान्य करतो.

दुसरी चूक याहून मोठी आहे. त्याच अवस्थेत मी रीबूट दिले. मारियाडीबी बंद होण्याची वाट पाहत यंत्र १० मिनिटे अडकून राहिले, तेव्हा बटण दाबून धरून ते बंद केले. पुन्हा सुरू केल्यावर ६.१२ ने ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’ असे सांगून कर्नल पॅनिक दिला, म्हणजे यंत्र तिथेच ठप्प झाले. ग्रबमधून (सुरुवातीला कर्नल निवडण्याची यादी) जुना ६.१ निवडला तर पासफ्रेज (डिस्क उघडण्याचा परवलीचा मजकूर) विचारला जातो, मूळ प्रणाली उघडते, पण दुसऱ्या डिस्कची दीड मिनिट वाट पाहून यंत्र इमर्जन्सी मोडमध्ये (दुरुस्तीपुरती मर्यादित अवस्था) जाते. तेथे पाहिले तेव्हा सिस्टमडी (सेवा सुरू-बंद करणारा भाग) नवे होते, मात्र एनक्रिप्ट केलेल्या डिस्क उघडणारे सिस्टमडी-क्रिप्टसेटअप हे पॅकेज नव्हते. १३ मध्ये ते वेगळे केलेले आहे आणि केवळ शिफारस म्हणून येते. शिफारशीची पॅकेजे घेणे मी जागा वाचवण्यासाठी पूर्वीच बंद करून ठेवले होते. मारियाडीबी मात्र अजून जुने १०.११ च आहे.

आधी जागा मोकळी करावी, की अर्धवट पॅकेजे पुरी करावीत? आणि नीट बंद न झालेल्या मारियाडीबीवर १३ सोबत येणारे ११.८ चढले तर डेटाचे काय होईल? ही दुसरी काळजी मला अधिक आहे.

उत्तर :

तुम्ही थांबलात हे फार बरे केलेत. डीपीकेजीला आत्ता हात लावू नका, कारण पॅकेजे पुरी करण्याच्या ओघात ११.८ चढू शकते, आणि मारियाडीबीची मोठी आवृत्ती बदलताना आधीची नीट बंद झालेली असणे आवश्यक असते.

इमर्जन्सी मोडमध्ये क्रिप्टसेटअप या आज्ञेने दुसरी डिस्क हातानेच उघडा आणि शनिवारचा डंप पेनड्राइव्हवर घ्या. मग क्रिप्टटॅब आणि एफएसटॅब या, सुरुवातीला कोणत्या डिस्क उघडायच्या व जोडायच्या हे सांगणाऱ्या, दोन्ही फायलींतील त्या डिस्कच्या ओळी तात्पुरत्या निष्क्रिय करून ६.१ वरच रीबूट करा. १०.११ सुरू होताना स्वतःची दुरुस्ती करून घेईल. त्याच्या नोंदवहीत त्रुटी नाहीत हे पाहून नवा डंप काढा आणि सेवा रीतसर बंद करा. त्यानंतर सध्या चालू नसलेला जुना ६.१ कर्नल डीपीकेजीने पर्ज करा (पूर्णपणे काढून टाका), इनिटरामएफएसच्या (इनिटआरडी तयार करणारे साधन) मांडणीत मॉड्यूल्सच्या (कर्नलचे सुटे भाग) ओळीत ‘मोस्ट’ऐवजी ‘डेप’ लिहा, म्हणजे त्या यंत्राला लागणारीच मॉड्यूल्स घेतली जातील. मगच पॅकेजे पुरी करा, अपग्रेड पूर्णत्वास न्या आणि सिस्टमडी-क्रिप्टसेटअप बसवल्याशिवाय रीबूट करू नका. /बूट वाढवण्यासाठी एनक्रिप्ट केलेला विभाग पुढे सरकवण्याच्या फंदात मात्र पडू नका.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. शनिवारचा डंप पेनड्राइव्हवर आला, तो घरच्या संगणकावर उघडून अखेरच्या काही नोंदी हजेरीवहीशी पडताळल्या, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. १०.११ नीट सुरू झाले, नवा डंप काढून ते बंद केले. जुना कर्नल काढल्यावर आणि ‘डेप’ लिहिल्यावर नवे इनिटआरडी २४ एमबीचे झाले. पूर्वीचे ६७ एमबीचे होते. आता यंत्र ६.१२ वर सुरू होते आणि दुसरी डिस्कही पासफ्रेज विचारून उघडते.

एकच प्रश्न उरतो. दुसऱ्या डिस्कच्या शेवटी ४० जीबी जागा कोणत्याही विभागात न घेता रिकामी आहे. तेथे १ जीबीचा नवा /बूट करून ग्रब त्याच डिस्कवर बसवला आणि बायोसमध्ये (यंत्राची मूळ मांडणी) कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम बदलला, तर पहिल्या डिस्कला हात न लावता हे काम होईल का? सोमवारी वाचनालय बंद असते, त्या दिवशी हे करण्याचा विचार आहे.