वसईचा परेरा अमेरिकेत हिस्पॅनिक होतो का?

लोकलवाला: आमच्या बिल्डिंगमधल्या मित्राला कंपनीने न्यू जर्सीला पाठवलंय. आडनाव परेरा, मूळचा वसईचा, घरी वाडवळी बोलतात. जॉइनिंगच्या फॉर्मवर 'हिस्पॅनिक ऑर लॅटिनो' हो की नाही असं विचारलंय आणि तिथली मंडळी म्हणतायत हो वर टिक मार, आडनाव तर त्यांच्यासारखंच आहे, वर पोर्तुगीज पण होतेच की तुमच्याकडे. हे नक्की ठरतं कशावरून, रंग, भाषा की आडनाव?

चष्मिस: रंगाचा संबंधच नाही. १९७६ ला तिकडच्या काँग्रेसने कायदा केला की स्पॅनिश मुळाच्या, म्हणजे हिस्पॅनिक लोकांची आकडेवारी वेगळी ठेवा, मग १९७७ ला सरकारी व्याख्या आली : मेक्सिकन, प्युर्टो रिकन, क्युबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकन किंवा इतर स्पॅनिश संस्कृतीचा, वंश कुठलाही असो. म्हणजे काळा क्युबनही आला, जपानी आजोबांचा पेरूवालाही आला आणि माद्रिदचा गोरा पण त्यातच. 'लॅटिनो' १९९७ ला जोडलं.

मीरारोडकर: आडनावावर असतं तर अख्खे फिलिपिनो हिस्पॅनिक झाले असते, सांतोस, रेयेस असली आडनावं आणि खुद्द स्पेनचं तीनशेच्या वर वर्षं राज्य, तरी सरकारी यादीत ते एशियन! आपल्या वसईत तर स्पेन नाहीच, पोर्तुगीज होते, १५३४ ते १७३९.

लोकलवाला: मग ब्राझीलवाले? ते पण पोर्तुगीजच बोलतात ना

चष्मिस: तिथेच घोळ आहे. व्याख्येत दक्षिण अमेरिकन आहे पण सेन्सस ब्राझीलला त्यात धरत नाही, २०२० च्या एका सर्व्हेत कोडिंग चुकलं आणि चार लाखांवर ब्राझीलियन हिस्पॅनिक म्हणून मोजले गेले. आणि गंमत म्हणजे रस्ते-पुलांच्या काँट्रॅक्टच्या नियमात बरीच वर्षं पोर्तुगीज मूळही हिस्पॅनिकमध्ये धरायचे, एकाच सरकारची दोन खाती! बाकी फॉर्मवर आपण सांगू तेच, पुरावा मागत नाहीत. पण परेरा साहेब सरळ एशियन, १९८० च्या सेन्ससपासून 'एशियन इंडियन' वेगळा रकाना आहे.

कुपारी_पोरगा: मी वसईचाच. १९३० च्या तिकडच्या सेन्ससमध्ये मेक्सिकन हा वंश होता आणि सगळे भारतीय 'हिंदू' वंशाचे, चर्चला जाणारे धरून 😂 तेव्हा गेला असता तर परेरा हिंदू!

लोकलवाला: 😂 सांगतो त्याला. तो आता विचारतोय की फॉर्मवर हिस्पॅनिक का आणि वंश कुठला, हे दोन प्रश्न वेगवेगळे का आहेत.

चष्मिस: हिस्पॅनिक हा वंश धरत नव्हते म्हणून वेगळे, जुना फॉर्म असेल. २०२४ च्या नियमाने दोन्ही एकत्र केलेत, सगळीकडे यायला वेळ लागणार. पहिल्याला नाही, दुसऱ्याला एशियन.